छातीतली फुली

मला हसू आवरत नाही. एमडी करत असताना नागपुरात आमचे सर मला म्हणाले होते की, रेडिओलॉजिस्टनं पेशंटसमोर चेहरा कोरा ठेवायचा; रिपोर्ट हातात पडायच्या आधी माणसं तो आपल्या तोंडावर वाचतात. मला ते पटलं होतं. म्हणून गोंदियाला परत येऊन इथल्या हॉस्पिटलात लागले तेव्हा मी ठरवूनच गंभीर झाले. तसंही आमच्या कामात पेशंटशी फार बोलणं होत नाही. सोनोग्राफी सोडली तर दिवसभर मी एका थंड, अर्धवट अंधाऱ्या खोलीत दोन मोठ्या स्क्रीनसमोर बसलेली असते. माणसं बाहेर बाकावर आणि त्यांची फुप्फुसं, मणके, मुतखडे माझ्यासमोर. दोन-अडीच वर्षं मी ते गांभीर्य सांभाळलं. मग केशोरीकडच्या एक आजी आल्या.

धानकापणीचे दिवस होते. या दिवसांत आमच्याकडे गर्दी कमी असते, कारण लोक दुखणं अंगावर काढतात आणि आधी धान घरात आणतात. आजी सुनेला घेऊन बसनं अर्जुनीला आणि तिथून रेल्वेनं गोंदियाला आल्या होत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की दोन वर्षांपासून खोकला आहे, वजन उतरतंय, उजव्या फुप्फुसात गाठ आहे का ते पाहावं. इतके दिवस आजींनी फोटो काढूच दिला नव्हता. अडुळशाचा काढा, मध, गावातल्या दवाखान्यातलं औषध, यांवर त्यांनी काढलं होतं. शेवटी सुनेनं धान शेतात सोडून त्यांना आणलं होतं.

अशी चिठ्ठी वाचली की पुढे काय दिसणार हे मला साधारण कळतं. मी मनातल्या मनात रिपोर्टची वाक्यंही जुळवायला लागले होते. तेवढ्यात एक्स-रे स्क्रीनवर आला. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ढगासारखी पांढरट छाया होती आणि त्या छायेच्या वरच्या टोकाला, अगदी लख्ख पांढरं, एक फूल होतं. पाच पाकळ्या आणि खाली बारीक दांडी.

मी टेक्निशियनकाकांना बोलावलं. ते पंचविशीपासून याच खात्यात आहेत आणि आता त्यांचे केस पिकलेत. मी म्हटलं, आजींच्या अंगावर काहीतरी दागिना राहिलाय, काढून पुन्हा घ्या. असं रोज होतं. कुणाच्या गळ्यात ताईत असतो, कुणाच्या ब्लाउजला पिन असते. काका गेले, आणि दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला. फूल जागच्या जागी होतं. काका दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, सब उतरवा दिया. डोरलं, पिना, बालों का चाप भी. फिर भी दिख रहा है."

मग मी जे सहसा करत नाही ते केलं. दोघींनाही आत बोलावलं. आजी बारीक चणीच्या, ताठ मानेच्या. दवाखान्याचा निळा गाऊन नेसल्या लुगड्यावरच त्यांनी तोऱ्यात चढवला होता. सून पस्तिशीची असेल. मी विचारायच्या तयारीत होते की कधी काही गिळलं होतं का, घशात काही अडकलं होतं का. त्याची गरजच पडली नाही. सून स्क्रीनकडे बघत जवळ आली, आणखी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली,

"माय, हे त तुमची फुली व्हय."

आजींनी स्क्रीनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून मला ठणकावलं की हा फोटो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. त्यांची नाकातली फुली दोन सालांपूर्वी घरातून गेली. ती कोनाड्यात ठेवली होती, तिथून गेली, आणि कोणी नेली ते सगळ्या गावाला माहीत आहे. असं म्हणताना त्यांनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. सुनेनं मान खाली घातली. तेव्हा मला उलगडलं की माझ्यासमोर नुसता एक्स-रे नाही, दोन वर्षांचं भांडण उघडं पडलं आहे.

मी म्हटलं, आजी, आता बाजूनं काढू. मी स्वतः त्यांच्यासोबत मशीनपाशी गेले. त्यांनी आपल्या हातांनी गाऊन झटकून दाखवला, केस मोकळे केले, तोंड उघडून दाखवलं, जणू झडती देत होत्या. मग हात वर करून भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. काका म्हणाले, साँस रोको. त्यांनी श्वास रोखला, फोटो निघाला, आणि त्या खोकत बाहेर आल्या.

या वेळी फूल कडेनं दिसत होतं. पाकळ्यांची चपटी रेघ आणि तिला काटकोनात दांडी. उजवीकडच्या श्वासनळीत, पुढे ती अरुंद होत जाते तिथे, रुतून बसलेली. तिच्या पुढच्या फुप्फुसाला हवा मिळत नव्हती, म्हणून तो ढग. दुसरी कुठली गाठ मला दिसत नव्हती. तरी खात्री करायला आम्ही लगेच सीटी स्कॅन केला. त्यातही फुली, नुसती फुलीच.

आता सून बोलायला लागली. तिनं सांगितलं की फुली हरवली त्याच सकाळी चुलीपाशी बसल्या-बसल्या आजींना सुपारीचा जबर ठसका लागला होता. डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती. तिनंच धावत जाऊन पाठीवर थापा मारल्या, पाणी पाजलं. ठसका थांबला. तासाभरानं फुलीची शोधाशोध सुरू झाली. आजी रात्री फुली काढून ठेवत, ती कधी कोनाड्यात, तर कधी आळस आला की उशापाशी, सुपारीच्या डबीत.

मला वाटतं त्यांना ती डबी आठवली. सुपारीचा चुरा, त्यातून चिमूट उचलणारी बोटं, पहाटेचा अंधार. त्या खुर्चीवर बसल्या आणि सुनेला म्हणाल्या,

"दोन साल मी तुले चोर म्हनून राहिली. आन् चोरी माह्याच पोटात."

"पोटात नाइ माय, छातीत," सून म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. आधी ती पदर तोंडाशी धरून नाकातून हसली. मग पदर सुटला. मग ती भिंतीला टेकली आणि घसरत-घसरत माझ्या खोलीच्या फरशीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. दोन वर्षं पाणवठ्यावर, धान रोवताना शेताच्या बांधीत, माहेरच्या लग्नातसुद्धा जिच्या पाठीमागे कुजबूज झाली, ती बाई हसत होती. मी गालाचं आतलं मांस दातांखाली धरलं. सरांचा चेहरा आठवला. मुतखडे आठवून पाहिले. उपयोग झाला नाही. मी टेबलावर डोकं टेकवून हसले. काका स्क्रीनकडे तोंड करून उभे होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी आजीही हसल्या. हसता-हसता खोकल्या, खोकता-खोकता पुन्हा हसल्या. सून एकदम सावध होऊन उठली आणि त्यांचे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "हासू नका माय, फुली हालन." त्यावर आम्ही चौघंही पुन्हा कोसळलो. बाहेरच्या बाकावरचे लोक दार किलकिलं करून बघत होते. त्यांना वाटलं असेल, या खोलीत चांगला रिपोर्ट मिळतो.

मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. मी सांगितलं ते त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांनीच नागपूरच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलून दिवस ठरवला. त्या दिवशी घरी जाताना मी स्कूटरवर एकटीच हसत होते. रेल्वेच्या पुलाखाली एका ओळखीच्या काकूंनी थांबवून विचारलं, लग्न ठरलं का.

नागपुरात दुर्बीण घालून फुली काढली. महिना-दीड महिन्यानं दोघी पुन्हा फोटो काढायला आल्या. ढग जवळजवळ निघून गेला होता. आजींचे गाल भरले होते, जिना त्या न थांबता चढल्या. सुनेच्या नाकात तीच फुली होती. आजींनी ती स्वतः घातली होती, आणि सुनेनं आधी गरम पाण्यात उकळून घेतली होती, हेही तिनं मला सांगितलं.

मग तिनं गावातली हकिकत सांगितली. नागपूरहून आल्यावर दुसऱ्या दिवशी आजींनी एक्स-रेची फिल्म काखोटीला मारली आणि सुनेचा हात धरून त्या निघाल्या. ज्या-ज्या दारात त्यांनी तिची चुगली केली होती, त्या-त्या दारात गेल्या. पिठाच्या गिरणीवर, अंगणवाडीपाशी, पार व्याह्यांच्या गावापर्यंत. प्रत्येक ठिकाणी फिल्म उन्हाकडे धरायची आणि फुलावर बोट ठेवून म्हणायचं की चोर मी होती, पाहून घ्या. सुनेला आधी लाज वाटली. तिसऱ्या-चौथ्या घरापासून मजा वाटायला लागली. एका घरी आजी सांगायला विसरून चहाच घेत बसल्या, तर हिनंच त्यांना कोपरानं ढोसलं.

त्यानंतर केशोरीकडचे पेशंट आमच्याकडे जरा जास्तच यायला लागले. एक बाई खांदा दुखतो म्हणून आली. मी तिचा एक्स-रे पाहून सांगितलं की हाड चांगलं आहे, व्यायाम करावा लागेल. ती उठेना. मग हळूच म्हणाली, तिच्या कानातल्या जोडीतला एक डूल पोळ्यापासून सापडत नाही. तो कुठे दिसला का. मी फोटो पुन्हा नीट पाहिला आणि सांगितलं, नाही, तुमच्या खांद्यात तरी नाही.

"मंग घरातच असन," ती म्हणाली आणि पदर सावरून गाडी गाठायला निघाली.