लीडताईंची ऑनलाइन दिवाळी

आमच्या टीम लीडना आम्ही लीडताई म्हणायचो; त्या आम्हाला नावानं कधीच हाक मारायच्या नाहीत. सकाळी नऊला मीटिंग सुरू झाली की त्या गावांची हजेरी घ्यायच्या. "तीर्थपुरी, आवाज येऊन राह्यला का? शहागड, जल्दी या की लाइनवर." तीर्थपुरी म्हणजे मी. शेतीपंप विकणाऱ्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, हे आमचं काम. ऑफिस पुण्यात, ताई अंकुशनगरला आणि आम्ही सहा जण सहा गावांत, आपापल्या घरी. तीन वर्षं मी ताईंशी रोज बोलले, पण भेट एकदाही झाली नाही.

एखादं चिडलेलं गिऱ्हाईक आम्हाला आवरलं नाही की ताई फोन स्वतःकडे घ्यायच्या. "दादा, आधी पाणी प्या. मंग मला शिव्या द्या, मी हाये इथंच." समोरचा माणूस हमखास हसायचा. त्यांचा आवाज खणखणीत होता, पण मध्येच त्या तो एकदम खाली आणायच्या. "जरा हळू, आबा झोपलेत." आबा म्हणजे त्यांचे वडील, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले. ताईंनी लग्न केलं नव्हतं. भाऊ नाशिकला. घरात ही दोघंच.

गेल्या दिवाळीआधी पुण्याहून मेल आला, सुट्टीपूर्वी प्रत्येक टीमनं ऑनलाइन पार्टी करावी. बाकीच्यांनी ती अर्ध्या तासात उरकली. ताईंनी पंधरा दिवस तयारी केली. प्रत्येकाला फोन करून विचारलं, तिखट चालतं का, चिवड्यात खोबरं आवडतं का. मग चिवडा आणि शंकरपाळ्यांचे सहा डबे भरून एसटीच्या पार्सलनं पाठवले. आधी उघडायचे नाहीत, अशी ताकीद. "सगळ्यांनी बराबर एका टायमाला झाकण काढायचं. एकत्र बसल्यासारखं वाटलं पाह्यजे." एक खेळही ठरवला होता. ज्यानं त्यानं आपल्या घरातला आवाज ऐकवायचा. त्याची तालीम त्यांनी माझ्यासोबत तीनदा केली. मला कंटाळा यायचा. कॅमेरा बंद ठेवून मी भाजी निवडत बसायचे.

वसुबारसेच्या संध्याकाळी पार्टी झाली. कॅमेरा फक्त ताईंचा चालू. पुण्याचे साहेब पाच मिनिटं आले, "छान, छान" म्हणून गेले. आम्ही डबे उघडले. शहागडनं हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकवले, मी गोठ्यातलं वासरू. मग ताईंची पाळी आली. त्यांनी माइक पुढे धरला. काहीच ऐकू येईना.

"ताई, तुम्ही म्यूटवर आहात," शहागड म्हणाला.

"म्यूट न्हाई रे. घरात आवाजच न्हाई. आबा श्रावणात गेले."

श्रावणात त्या पंधरा दिवस रजेवर होत्या, "घरचं काम हाये" एवढंच सांगून. परत आल्यावरही "आबा झोपलेत" म्हणत राहिल्या होत्या.

"यंदा माझ्या घरी दिवाळी न्हाई," त्या म्हणाल्या. "कढई ठेवू नये म्हणतात. तुमच्यासाठी ठेवली."

एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग एकेक जण बाहेर पडला. मीही म्हणाले, "ताई, नेटवर्क जातंय." नेटवर्क ठणठणीत होतं. मी लॅपटॉप मिटला.

सुट्टीनंतर हजेरी घ्यायला दुसरेच कोणी होते. ताईंनी राजीनामा दिला होता. त्या रविवारी पत्ता विचारत मी अंकुशनगरला गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ घेऊन गेला तिला परवा. आबा गेले तवा वाटलं, पोरगी एकटी पडली. पण दिवसभर तिचा बोलण्याचा, हसण्याचा आवाज यायचा. म्हणून आम्ही बी कधी डोकावलो न्हाई."

मी ओट्यावर बसले आणि फोन लावला.

"ताई, मी तुमच्या दारात आहे."

"आत्ता आलीस व्हय?"

"त्या दिवशी नेटवर्क गेलं नव्हतं, ताई."

"माहितीये मला."

"तिथं करमतं का?"

"माणसं हायेत की घरात. सकाळीच आपापल्या कामाला जातात." मग म्हणाल्या, "बसला वेळ हाये ना तुझ्या? मंग बोल काहीतरी."

मी बोलत राहिले. आमच्या घरचं, गावचं, जे आठवेल ते. समोरून एक बस गेली, तिला मी हात केला नाही.