मार्सेल जोडलेला आहे

त्या रविवारी दुपारी मार्सेल अर्ध्या ताटावरून उठला. बोंबलाचं कालवण होतं, त्याला आवडतं तसं कैरी घालून, तरी उठला. बोलला, "पाठ धरलीय बाय, डाव्या बाजूला." मी काय बोलले ते पण लिहिते, लपवत नाय. मी बोलले, "केळीचे घड उतरवायचे असले की बरी तुझी पाठ धरते. चर्चमध्ये शिडीवर चढताना नाय धरत?" तो हसला, हात धुतले, सायकल काढली आणि गेला. आमचं घरातलं शेवटचं बोलणं हेच.

मी उर्सुला, त्याची मोठी बहीण. सांडोरला आमची वाडी आहे, केळी आणि भाजी. आम्ही दोघं लग्न न केलेली, आई गेल्यावर घरात दोघंच. मी चौथी शिकले. फोनवर मराठी लिहायला त्यानेच शिकवलं, बोलतेस तसंच लिही बोलला. आता चर्चमध्ये त्याला मदत करायचा तो डेन्झिल बोलला मावशी तू लिही, आपल्या चर्चच्या ग्रुपवर टाकतो. म्हणून लिहिते.

मार्सेलला सगळे ओळखता. माइक, लाइट, पडदा, सगळं त्याच्याकडे. पण तो वायरला का घाबरायचा ते सगळ्यांना माहीत नाय. आधी प्रोजेक्टरची लांब वायर वेदीपासून मागच्या टेबलापर्यंत जमिनीवरून जायची, तीच त्याने टाकलेली. आईचा पाय त्या वायरीत अडकला, खुबा मोडला, नंतर ती उठलीच नाय. वर्षात गेली. मार्सेलने ती वायर गुंडाळून विहिरीमागे पुरून टाकली. मग कुठून तरी शिकून आला आणि प्रोजेक्टरला ती छोटी डबी लावली. डबी लावल्यावर पाहुण्याचा लॅपटॉप वायरशिवाय पडद्यावर दिसतो. एका वेळी एकच जोडला जातो. जो जोडला जाईल त्याचं नाव आधी पडद्यावर येतं, जोडलेला आहे म्हणून, मग त्याचे फोटो.

त्याची सवय अशी, पाहुण्याच्या आधी स्वतःचा फोन जोडून बघायचा. पाहुणा पुढे उभा राहून घामाघूम झालेला त्याला बघवायचा नाय. मग स्वतःचा काढायचा आणि पाहुण्याचा जोडायचा.

त्या दिवशी फुलपाड्याचे दिनानाथ सर आलेले. रिटायर शिक्षक आहेत, आपल्या विहिरी खारट का होतात ते फोटो दाखवून सांगतात. हॉलची लादी उखडलेली म्हणून कार्यक्रम चर्चमध्येच ठेवला, चार वाजता. सगळ्या वाडीवाल्या घरातून माणसं आलेली. मार्सेलने फोन जोडला. नेहमी तो चर्चचा फोटो लावून बघतो. त्या दिवशी बोट कुठे लागलं देव जाणे, पडद्यावर मयताची पाटी आली.

कोणी वारलं की मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी पडद्यावर पाटी लागते ना, काळी चौकट, फोटो, नाव, अंत्यविधीची वेळ. त्या पाट्या पण तोच बनवायचा. पण ही पाटी त्याचीच होती. भाचीच्या लग्नातला टाय घातलेला फोटो, खाली मार्सेल, आणि खाली लिहिलेलं, अंत्यविधी सोमवार संध्याकाळी ४.३०.

सगळ्यांनी वळून मागे मार्सेलकडे बघितलं. मग आमच्या शेजारची थेरेसा जोरात बोलली, "मार्सेल, अरे मेलास कधी? सांगितलं पण नाय, जेवणाचं काय?"

सगळे हसायला लागले. मार्सेल पण हसला, कान लाल झालेले. मागून ओरडून बोलला, "अगं फोटो चौकटीत नीट बसतो की नाय बघायला माझाच टाकतो. तुझा टाकला तर मला मारशील."

फादर पुढून बोलले, "सोमवारी मला वेळ नाही हां मार्सेल. मंगळवार बघ."

परत हसले सगळे. मी नाय हसले. मला तो सोमवार आवडला नाय. फोटो बसवायला सोमवार कशाला लागतो?

मग सरांचा लॅपटॉप जोडला. विहिरी दिसायला लागल्या, आपल्या पण दिसल्या. अर्धंच झालं, साडेपाच वाजले, लोकांना घरी जायचं होतं. सर बोलले बाकीचं पुढच्या वेळी, आणि लॅपटॉप मिटला. माणसं उठून गेली. मी बाकांखालचे पाण्याचे ग्लास उचलत होते. उन्हं अजून खिडकीतून आत होती. मार्सेल मागच्या टेबलाशी खुर्चीत बसलेला, फोन हातात, नजर पडद्यावर. मी हाक मारली, "मार्सू, चल, गवारीला पाणी द्यायचंय." उठला नाय. मला वाटलं पडद्यावर काय तरी बघतोय. मी पण वळून बघितलं. पांढरा पडदा आणि मध्ये अक्षरं, मार्सेल जोडलेला आहे.

तो गेलेला होता. हात अजून गरम होता.

फादरना सोमवारी वेळ काढावा लागला. दुसऱ्या दिवशी, साडेचारला. त्याची पाटी नवीन बनवायची गरजच पडली नाय. चर्चच्या कॉम्प्युटरवर पण ती होती, डेन्झिलने तीच लावली, त्यातलं एक अक्षर बदललं नाय.

मग माणसं बोलायला लागली. कोणी वाईट बोललं नाय, पण कुजबुज व्हायची, त्याला कळलेलं म्हणून. मी बाजारात टोपली घेऊन बसले की बायका विचारायच्या, "उर्सुला, त्याला आधीच माहीत होतं काय गं?" त्यांच्यासाठी ती गोष्ट होती. माझ्यासाठी तसं नाय. माहीत नसेल तर त्याची पाठ दुखत होती आणि बहीण नेहमीसारखी तिरकं बोलली, एवढंच. माहीत असेल तर तो मला सांगायला आलेला. ताट अर्धं टाकून सांगत होता, आणि मी त्याला घडांचा टोमणा मारला. महिनाभर मला एवढंच पाहिजे होतं, त्याला माहीत होतं का नाय.

त्याचा फोन माझ्याकडेच होता. उघडता येत नाय, आकडा त्यालाच माहीत. तरी मी रोज त्याच्या खाटेवर चार्जिंगला लावायचे. जाताना बंद करून पर्समध्ये घ्यायचे. घरी एकटा ठेवायला जीव होत नव्हता.

तो जाऊन महिना झाल्याच्या मिस्साला दिनानाथ सर आपणहून आले. फादरना बोलले, मार्सेलभाऊंनी जोडून दिलेलं अर्धं राहिलंय, ते आज पुरं करतो. मिस्सा झाली, माणसं बसून राहिली. डेन्झिल मागे टेबलाशी. त्याने डबी चालू केली आणि सरांचा लॅपटॉप लागायच्या आधी पडद्यावर आलं, मार्सेल जोडलेला आहे.

कोणी हसलं नाय. थेरेसाने कपाळा-छातीवर क्रूसाची खूण केली.

डेन्झिल माझ्याजवळ आला, हळू बोलला, "मावशी, अंकलचा फोन कुठाय?"

"पर्समध्ये. पण बंद आहे."

"बंद असेल तर जोडला कसा जाईल?"

मी काढून दाखवला. काळा होता, बटण दाबून मी सकाळीच बंद केलेला. त्याने डबी बंद करून परत लावली. परत तेच नाव. सर पुढे उभे, कपाळ पुसत. मार्सेलला बघवलं नसतं.

डेन्झिल बोलला, "मावशी, जरा बाहेर घेऊन जातेस? लांब गेला की सुटतो."

मी फोन दोन्ही हातात धरून बाजूच्या दाराने निघाले. पायरीवर थांबले, डेन्झिल दारातून मान हलवून नाय बोलला. नारळापर्यंत गेले. नाय. मग चर्चच्या मागे कबरस्तानात गेले, मार्सेलच्या मातीजवळ. अजून दगड बसवला नाय, नुसता उंचवटा आहे, सुकलेल्या हारांचा. तिथे पोचले तेव्हा डेन्झिलने दारातून हात वर केला. सुटला. आतून सरांचा आवाज आला, "तर मागच्या वेळी आपण पाण्यापर्यंत आलो होतो."

फोन माझ्या हातात गरम लागत होता, बंद असून. नीट बंद आहे काय बघायला मी त्याचं कव्हर काढलं. आत एक चिठ्ठी होती, चार घड्या घातलेली. दवाखान्याची. मी अक्षर अक्षर लावून वाचली. तारीख शुक्रवारची, तो जायच्या दोन दिवस आधीची. छातीची पट्टी काढून घेणे, हृदयाची काढतात ती. आणि खाली, सोमवारी ४.३० वाजता दाखवायला येणे.

मी दोनदा वाचली. मग होती तशी घडी घालून परत कव्हरमध्ये ठेवली.

आत सर विहिरींबद्दल बोलत होते. मी खाली बसले, मातीवरचे हार बाजूला केले आणि डाव्या अंगाला हात ठेवला.

"कुठे दुखतंय रे मार्सू," मी बोलले, "दाखव."