गाठीच्या काठचा ठोकळा

माझ्या नणंदेने एकतीस वर्षं इस्पितळाच्या तपासणी विभागात काढली. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि यंत्रावर त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून, पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी वन्संच्याच फुप्फुसात कर्करोगाची गाठ निघाली. ती कापून काढली, तर वर्षभरात परत उगवली. नेहमीची औषधं थकली.

त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांकडे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. शरीराच्या रक्षक पेशी गाठीत शिरतात, पण गाठ त्यांना फितवून गप्प बसवते. हे औषध त्यांना पुन्हा लढायला लावतं. मात्र त्या पेशी गाठीत पुरेशा हव्यात. आधी काढलेल्या गाठीच्या कापात त्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणून वन्संचं नाव वगळलं, असं डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं.

मी पर्स उचलली. वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

“काप दाखवा.”

“आजी, त्यातलं तुम्हाला…”

“आजी घरी. या इस्पितळात मी तुमच्या आधीपासून आहे.”

तपासणी विभागात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून वन्संनी मान हलवली. “हा गाठीचा मधला भाग. मेलेला. इथे राखणदार कशाला बसतील? ते कुंपणाशी असतात. ठोकळा कुणी निवडला?”

त्यांच्याच हाताखाली शिकलेली तंत्रज्ञ पुटपुटली, “मी, मॅडम. या गाठीचे पाच ठोकळे होते. त्यातला सगळ्यात मोठा घेतला.”

“उंच दिसला म्हणून पसंत केलास? स्थळं बघतेस की काप काढतेस? काठचा ठोकळा आण. मी काढते.”

“मॅडम, पेशंटला यंत्राला हात लावू देता येत नाही.”

“मग तू काढ. मी मागे उभी राहते.”

काठचा तुकडा नखाएवढा होता. तिचा पहिला काप चुरगळला, दुसरा फाटला. वन्सं फक्त म्हणाल्या, “मेण मऊ पडलंय, ठोकळा गार कर.” तिसरा काप पाण्यावर सपाट पसरला.

चार दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. पेशी होत्या, हव्या होत्या त्याच्या दुपटीहून जास्त. नाव यादीत परत आलं होतं.

“पण औषध लागू पडेलच असं नाही,” ते म्हणाले.

“खात्री मी मागितलीच नव्हती. जागा मागितली होती.”

संमतिपत्र अठरा पानांचं होतं. “शेवटच्या पानावर सही केलीत तरी चालेल,” म्हणून त्यांनी पेन पुढे केलं. वन्संनी चष्मा पुसला आणि पहिलं पान उघडलं. डॉक्टर उभेच होते.

“बसा,” त्या म्हणाल्या, “मला वेळ लागेल.”