दुसरी ओळ म्हणणारं माणूस

माझ्या आवडीनिवडी सांगायला बसलो की बायको उठून स्वयंपाकघरात जाते. तिला त्या पाठ आहेत. भजन मला आवडतं, पण सरसकट नाही. मागे यंत्रातून ढगांचा गडगडाट सोडून, गायकाच्या आवाजाला विहिरीतल्यासारखा घुमारा देऊन केलेली भक्ती माझ्या कानाला सोसत नाही. गाण्याआधी पंधरा मिनिटं मोक्षावर बोलणारा गायक असेल तर मी चपला शोधायला लागतो. पेटी थोडी हवा सोडणारी असली तरी चालेल, तबल्याऐवजी नुसता टाळ असला तरी चालेल. एखादी ओळ चौथ्यांदा घेताना गाणारा समोर कोण बसलंय ते विसरतो, त्या चौथ्या वेळेसाठी मी आधीच्या तिन्ही वेळा आनंदाने बसतो. आणि गाणं संपल्यावर जी क्षणभर शांतता पसरते, ती मला गाण्याइतकीच प्रिय आहे. तिच्यात टाळ्या वाजवणाऱ्या माणसाशी माझी आजवर मैत्री झालेली नाही.

देव आहे की नाही, ह्या वादात मी पडत नाही. चांगलं भजन चालू असताना तो तिथे नसेल तर फार वाईट दिसेल, एवढंच मला वाटतं.

एवढं सगळं असून मला गाता येत नाही. मी मोटारींच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. गिअरबॉक्समध्ये कुठे बारीक खरखर आहे हे मी डोळे मिटून सांगतो, पण तोच कान स्वतःच्या गळ्यावर चालवायला गेलो की अंगावर काटा येतो. साताऱ्याकडच्या आमच्या गावात भजनी मंडळाच्या बुवांनी मला लहानपणीच हाती टाळ दिले आणि सांगितलं, तू हे वाजव, तोंड नको उघडू. मी ते चाळीस वर्षं पाळलं.

चेन्नईत बदली होऊन आलो त्याला आता अकरा वर्षं झाली. गाण्याच्या बाबतीत ह्या शहराला नावं ठेवायला जागा नाही. पण इथले रसिक मांडीवर बोटांनी ताल मोजत बसतात, आणि त्यांचा तो हिशोब इतका चोख असतो की शेजारी बसायला मला भीती वाटते. माझी भूक वेगळी होती. मला सोबत हवी होती. मांडी घालून जमिनीवर बसणारी, गाणं झाल्यावर गप्प राहणारी चार माणसं. चार नाही तर दोन. बायको म्हणायची, एक मिळालं तरी नवस फेडा.

शेवटी दोन वर्षांपूर्वी मी अड्यारच्या आमच्या इमारतीत, खालच्या फलकावर एक कागद चिकटवला. मराठी, इंग्रजी आणि सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लिहून घेतलेलं तमिळ, अशा तिन्ही भाषांत. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरी भजन, गाता यायलाच पाहिजे असं नाही, कॉफी मिळेल.

पहिल्या शनिवारी कॉफी बरीच लागली. एक गृहस्थ स्वतःच्या ध्यानवर्गाची पत्रकं घेऊन आले. एक आई मुलीला टीव्हीवरच्या स्पर्धेचा सराव होईल म्हणून घेऊन आली आणि इथे माईक नाही हे पाहून खट्टू झाली. आयटीतलं एक पुण्याचं जोडपं आलं, ते बिचारं मराठी बोलायला आसुसलेलं होतं, पण भजन सुरू झाल्यावर दोघंही मोबाइल काढून बसले. दुसऱ्या शनिवारी ह्यांपैकी कोणी फिरकलं नाही. आली ती फक्त पहिल्या दिवशी कोपऱ्यात न बोलता बसलेली एक म्हातारी बाई.

पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या ह्या बाईंना सगळे मामी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. वय पंचाहत्तरच्या पुढे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मी त्यांना तमिळच समजत होतो. त्यांनी पिशवीतून वही काढली, तमिळ लिपीत लिहिलेली, आणि त्या वहीतून मराठी अभंग म्हणायला सुरुवात केली, तेव्हा माझा कप हातातच राहिला. त्या तंजावरकडच्या. घराणं तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं, घरात अजून मराठी, फक्त लिहायचं तमिळमध्ये. त्यांचं मराठी ऐकताना पणजीच्या पेटीतलं लुगडं उलगडल्यासारखं वाटे. त्या ‘कोठें’ म्हणत, ‘तुम्हांस’ म्हणत, आणि वाक्याच्या शेवटी तमिळ ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, लावून ते बंद करत.

मामींचा आवाज मोठा नव्हता. पण त्यांना घाई नव्हती, आणि त्या समोरच्याला विसरत. चौथ्या वेळेलाच नव्हे, पहिल्याच वेळेला. त्यांची भजनाची रीतही ठरलेली होती. आधी गुरूचं, मग गणपतीचं, मग बाकीचं, आणि शेवटी मंगळ नावाचं एक छोटंसं पद. एक ओळ त्या म्हणत आणि थांबत. थांबल्या की आपण ती परत म्हणायची. मी पुटपुटायचो. त्यांची पट्टी उंच, माझा आवाज वर जाताना फाटायचा, म्हणून ओठांतल्या ओठांत. त्यांनी कधी मागे वळून पाहिलं नाही की काही म्हटलं नाही. पाच शनिवार असे गेले आणि मी आठवडाभर शनिवारची वाट बघायला लागलो. बायको म्हणाली, लग्न ठरलं तेव्हासुद्धा तुम्ही इतके वेळेवर दाढी करत नव्हतात.

सहाव्या शनिवारी मी माती खाल्ली.

ते शेवटचं मंगळ मला फार आवडायचं. जेमतेम दीड मिनिटाचं, पण त्यातल्या एका वळणावर माझे डोळे भरून यायचे. आणि त्याच ठिकाणी मामींचा आवाज तासाभराच्या गाण्याने थकलेला असायचा. माझ्यातला तपासनीस जागा झाला. ही चीज ताज्या आवाजात ऐकायला हवी, असं मला वाटलं. त्या दिवशी दोनच अभंग झाले होते, कॉफी अजून गॅसवर होती, आणि मी म्हणालो, मामी, आज ते शेवटचं आत्ताच म्हणा ना.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला आता आठवतं. मग त्यांनी ते म्हटलं. काय म्हटलं म्हणून सांगू. मी डोळे मिटून बसलो आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. डोळे उघडले तेव्हा वही पिशवीत गेली होती. मामींनी कॉफीचे दोन घोट घेतले, बायकोच्या हातून कुंकू लावून घेतलं, आणि “सरी, येतें” म्हणून निघाल्या. मला वाटलं, काहीतरी काम असेल.

पुढच्या शनिवारी त्या आल्या नाहीत. त्यापुढच्याही नाहीत. फोन केला तर गुडघा दुखतो म्हणाल्या. त्याच आठवड्यात बायकोला त्या भाजीबाजारात दिसल्या, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन माझ्यापेक्षा ताठ चालत होत्या. तिसऱ्या शनिवारी मी पाच वाजता सतरंजी घातली आणि सहा वाजता गुंडाळली. मला राग आला होता, आणि रागाच्या खाली चक्क रडू येत होतं. पन्नाशी उलटल्यावर एक माणूस मिळालं होतं आणि ते का गेलं हेही कळत नव्हतं.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर जेवायला बसणारे एक तमिळ सहकारी आहेत, गाण्यातले जाणकार. त्यांना मी सगळी हकिगत सांगितली. मंगळ मध्येच म्हणायला लावलं, इथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. सांबार-भात झाला होता, रसम-भात झाला होता, ताटात दहीभात उरला होता. त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, पाहुणा पानावर बसल्याबरोबर त्याला हाच वाढला तर तो काय समजेल?

समजेल की जेवण आटोपलं, मी म्हणालो. आमच्याकडेही ताकभात शेवटीच.

मग ते म्हणाले, मंगळ म्हणजे तेच. ते झालं की त्यानंतर काही गायचं नसतं. यजमानाने मध्येच ते मागितलं, तर गाणाऱ्याने ओळखायचं की आता पुरे, उठा.

मला ताटावरून उठावंसं वाटलं. आमच्याकडे भैरवी झाली की मैफल संपली, हे मला काय माहीत नव्हतं? कोणी मला भैरवीने सुरुवात करा म्हणाला असता तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण इथलं मंगळ मला नुसती एक गोड चाल वाटली. पंचाहत्तरीच्या बाईला मी घरी बोलावलं होतं आणि दोन अभंगांनंतर हसतमुखाने दार दाखवलं होतं. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी मी सांगितलेलं ऐकलं होतं, आणि अगदी मन लावून गायल्या होत्या.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. बायकोने टी. नगरहून आणलेली मोगऱ्याची माळ बरोबर दिली आणि बजावलं की जास्त शहाणपणाचं काही बोलू नका. मामींनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं. मला ठाऊक नव्हतं, मी मूर्ख आहे, तुमचा ताजा आवाज ऐकायचा होता, एवढंच मनात होतं. दोष तमिळ शिष्टाचारावर ढकलायचा विचार वाटेत आला होता, तो सोडून दिला.

त्यांनी माळेचा दोरा बोटाला गुंडाळला. मग म्हणाल्या, “मज वाटलं, तुम्हांस पुरे झालं. वय झालं की लोकांस लवकर पुरे होतं.”

मग त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची थोरली बहीण आणि त्या, दोघी साठ वर्षं दर शनिवारी म्हणत आल्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. बहीण जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून दोन्ही ओळी त्या एकट्याच म्हणत होत्या. पहिली म्हणून थांबायचं, आणि मग दुसऱ्या कोणाची असल्यासारखी तीच परत. फलकावरचा माझा कागद त्यांनी वाचला तो त्यासाठी.

“तुमच्या घरीं मी थांबलें, आणि मागून ओळ आली,” त्या म्हणाल्या. “तीन वर्षांनीं आली.”

मी म्हणालो, ती काय ओळ होती मामी, नुसतं पुटपुटणं. मला गाता येत नाही.

माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता त्या उठल्या आणि देवघराजवळची सुराची लहान पेटी घेऊन आल्या, बटण फिरवलं की सूर वरखाली होणारी. ती समोर ठेवून त्यांनी मला विचारलं, तुमची पट्टी कोणती? हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. बुवांनीही नाही, मीही नाही. मामी म्हणाल्या की चूक त्यांचीही झाली, पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. वर्गात मागच्या बाकावरचं मूल गप्प बसलं तर ते ढ आहे असं समजायचं नसतं, हे त्यांनी जन्मभर पाळलं आणि भजनात विसरल्या. मग त्या बटण फिरवू लागल्या. सूर एकेक पायरी खाली येऊ लागला, आणि प्रत्येक पायरीवर त्या मला ‘आ’ म्हणायला लावत आणि मान हलवून पुढे जात. खूप खाली एका ठिकाणी माझा आवाज टेकला. फाटला नाही, थरथरला नाही, नुसता बसला. मी दचकून पेटीकडेच पाहिलं.

“सरी,” मामी म्हणाल्या आणि बटण तिथेच ठेवलं.

त्यांनी गुरूचं पद सुरू केलं, पहिल्यापासून, रीतीप्रमाणे. ती पट्टी त्यांच्यासाठी फारच खालची होती. आवाज घोगरा येत होता, ओळ ओढत न्यावी लागत होती, आणि ओळीच्या शेवटी जिथे चाल अजून खाली उतरते, तिथे दोन सुरांवर त्यांचा आवाज उमटेचना. ओठ तेवढे हलत होते. त्या थांबल्या. मी ओळ उचलली, आणि ते दोन सूर मी म्हटले.