प्रलय आला नाही तेव्हा

मुलांनो, प्रलयाची वाट पाहणाऱ्या भक्तांवर मी रेडिओसाठी नाटक लिहीत होते, तेव्हा भडगावच्या स्टँडवर पेरू विकणारी एक बाई भेटली. तीही पूर्वी अशाच एका बुवाची भक्त होती. पदराने पेरू पुसत म्हणाली, “बुवानी सांगं, जग बुडनार शे. मंग पोरनं ठरेल लगीन आम्हीच मोडं.”

“आणि त्या दिवशी?”

“दिन रोजसारखाच निंघना, म्हशी वरडाले लागन्यात. बठ्ठं, सारं जग शाबूत शे, अक्का, मनी पोर तेवढी घरमा राही गई. हास ना, बठ्ठं गाव हासस!”

माझ्या नाटकाच्या शेवटी भक्त आपल्या वेडेपणावर खदखदून हसायचे. तो शेवट मी काढून टाकला. पण त्या मुलीचं पुढे काय व्हावं, ते मला आजवर लिहिता आलेलं नाही.