पहिल्या नारळाचा मान

माझे सासरे महादेव एकदा हट्टाला पेटले की पेटले. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात घालवलेला माणूस. उन्हाला भ्याला नाही तो गावाला काय भिणार? मी उरणची, भांडणं आमच्याकडेही होतात. पण एका नारळावरून दोन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मी सासरीच पाहिली.

आमचं गाव विमानतळाच्या प्रकल्पात उठलं. करंजाड्याजवळ प्लॉट मिळाले, घरं झाली, गावदेवीचं देऊळ तर संगमरवराचं झालं. जत्रेचा पहिला नारळ जुन्या गावात आमची भावकी आणि गावातल्याच दादूंची भावकी आळीपाळीने फोडायची. नव्या देवळाचा पहिला मान मात्र दोघांनाही आपलाच वाटायला लागला. झालं! दोन वर्षं जत्राच भरली नाही.

शेवटी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर शब्द दिला, "कागद बोलंल ते मला मान्य हाय." इंग्रजांच्या काळात हाच तंटा मामलेदारापुढे गेला होता, असं त्यांनी आजोबांकडून ऐकलं होतं. कागद आपलंच बोलणार याची त्यांना खात्री. दादूही कबूल झाले.

मग आमच्या अलिबागला कलेक्टर कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. सरकारी भाषा आली की बाबा माझ्या तोंडाकडे बघतात, म्हणून मी सोबत. जुने कागद मोडीत, म्हणून मोडी वाचणारे सत्यजीत सरही सोबत. कारकून रेकॉर्ड रूममधून लाल कापडातली गाठोडी आणून द्यायचा आणि आम्ही तिघं शिंकत बसायचो. बऱ्याच खेपांनंतर तो तंटा एकदाचा सापडला.

सर वाचायला लागले. जबानी देणारा बाबांचा पणजोबा निघाला. बाबा सरसावून बसले.

"देवी डोंगरातून वाडीच्या कातकऱ्यांनी आणिली. पहिला नारळ त्यांचा. ते न आले तरच आम्ही दोन्ही भावक्या फोडतो." खाली अंगठा.

बाबांनी त्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. परतताना एसटीत मीच म्हटलं, "सापडलं नाही म्हणून सांगू या ना, बाबा. कोण बघायला जातंय अलिबागला?" खोटं कशाला बोलू, दादूंचं हसणं मला आत्तापासून ऐकू येत होतं.

"पणजोबानं अंगठा दिलाय पोरी," ते म्हणाले. "तो मी कसा पुसू?"

सरांनी साध्या अक्षरात लिहून दिलेली जबानी त्यांनी बैठकीत दादूंच्याच हातात ठेवली. दादूंनी ती वाचली, चष्मा काढला. "म्हंजे आपन दोगंबी हुकलो की रं." लोक हसले. मग दोघे मिळून शुक्राला आवतण द्यायला गेले. शुक्रा त्या वाडीतला. आधी आमच्या शेतावर राबायचा, हल्ली वीटभट्टीवर.

जत्रेला तो धुतलेला सदरा घालून आला आणि एका फटक्यात नारळ फोडला. बाबांचे डोळे भरून आले. "वाईट वाटतंय गं," मला म्हणाले, "पन खरं ते खरं."

आमच्याकडे रीत आहे, नारळाची एक वाटी वाजतगाजत मानकऱ्याच्या घरी पोचवायची. शुक्रा आडवा आला. "राहू द्या शेट, हितंच द्या."

"मानकऱ्याच्या घरीच द्यायची," बाबा म्हणाले. हट्टच तो.

बँजोवाले पुढे, आम्ही बायका मागे. वरात वीटभट्टीच्या मागे उतरली. तिथे शुक्राचं घर म्हणजे चार बांबू आणि वर निळी ताडपत्री. बँजो आपोआप थांबला. वाडीही आमच्याबरोबरच उठली होती; जमिनीचा कागद नाही म्हणून त्यांना प्लॉट नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण बघायला कोणी आलं नव्हतं. मला इतकी शरम वाटली की पुढे जाववेना.

शुक्राची बायको साळू बाहेर आली. तिने पदरात वाटी घेतली, ठेवायला जागा शोधली आणि शेवटी पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवली. मग म्हणाली, "बसा."

बसायला विटाच होत्या. बाबा एका विटेवर बसले, शेजारी दादू. बाबांनी वर त्या ताडपत्रीकडे बघितलं.

"दादू," ते हळूच म्हणाले, "देवीला घर मिळालं. तुला मिळालं, मला मिळालं. तिला आननाराच तेवढा ऱ्हायला."