साडूचा साडेपस्तीसचा अणू

आपल्याच जिभेनं आपलं दुकान कसं बुडवायचं, हे कोणाले शिकायचं असन तर माझ्याजवळ बसा.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आन् विलायतेच्या गिरण्याइले आमचा कापूस गोड लागू लागला. अकोल्यात आमी कापूसवाले हवेत चालून राहिलो होतो. माझ्या ओसरीवर रोज बैठक. बोलणार मी, ऐकणार बाकीचे.

तेवढ्यात अमरावतीहून माझा साडू आला. इंग्रजी शाळेतला मास्तर. आल्या आल्या बैठक त्याची झाली. बायकोही तूप त्याच्याच ताटात जास्त वाढे. मले म्हणे, "भाऊजी किती शिकले, ऐका तरी जरा."

मास्तर अणूचं वजन सांगून राहिला होता.

"तराजू केवढा लागते त्याले?" मी विचारलं.

"अणू तराजूत घालत नाहीत, साडूबुवा. सगळ्यात हलका हायड्रोजन, त्याला एक म्हणायचं. कार्बन त्याच्या बारापट जड, म्हणून त्याचं वजन बारा. ऑक्सिजन सोळा. क्लोरिन साडेपस्तीस."

सगळे माना डोलावून राहिले. माझा माल घेणारा मुंबईचा खरेदीदारही. तेच मले सोसलं नाही.

"अणू फुटत नाही म्हणता. मंग हा अर्धा कुठून आला?"

"ते अजून कोणालाच माहीत नाही," मास्तर म्हणाला.

पोटात कसं गार वाटलं, काय सांगू. तिथंच थांबलो असतो तर? पण दारात बायको ऐकत उभी होती.

"मी सांगतो ना. समजा, कापसाचे गठ्ठे पस्तीस शेरांचे. दर चौथ्यात दोन शेर रेती घाला, तो झाला सदतीसचा. तीन पस्तीसचे, एक सदतीसचा, मिळून एकशे बेचाळीस. चारानं भागा. आले ना साडेपस्तीस? तुमच्या क्लोरिनमधीही असेच दोन वजनाचे अणू मिसळले असतीन."

मास्तर उठून उभा राहिला. "साडूबुवा, हे कुणालाच सुचलं नव्हतं."

मी मिशीवर हात फिरवला.

खरेदीदार हळूच म्हणाला, "शेठ, तुमचा मालही गठ्ठ्यामागं साडेपस्तीसच भरतो."

सकाळी त्यानं माझे जड गठ्ठे निवडून फोडले, आन् रेती निघाली. खरेदीदारानं अकोल्याचा सगळा माल तपासाले साडूलेच ठेवलं. आता तो माझ्याच घरी राहते. जेवता जेवता विचारते, "साडूबुवा, रेतीशिवाय लोक आणखी काय घालतात?"

आन् बायको त्याले तूप वाढत मले म्हणते, "सांगा ना भाऊजीले. यातलं तुमालेच तर जास्त समजते."